बोलणाऱ्याच्या मागे बघा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. रंग आले १९८२ साली. तोवर गावात एखाद्याच घरी संच, आणि ओटीवर निम्मी आळी!

'आमची माती आमची माणसं' आठवतं ना? शेतीच्या अशा जुन्या फिती आता मोबाइलवर सापडतात. आम्ही त्या बघताना बोलणाऱ्याकडे बघतच नाही, त्याच्या मागे बघतो. पुढे बापई माणूस खताची माहिती देतो. मागे बाया वाकून भात लावत असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. पण डोक्यावरचं इरलं, लुगड्याचा काचा, हातातली रोपांची मूठ, बांधावर निजवलेलं पोर, सगळं तिथंच दिसतं.

कॅमेरा लपवतोही. बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसत, असं सांगतात. आपल्याला दिसायची फक्त साडी.

शिवाय टेप महाग. जुनं पुसून तिच्यावरच नवं भरायचे. कितीतरी गेलं.

आपल्याकडे १९७० साली सिडको आली. पनवेलच्या भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, उलव्याकडे तर विमानतळ झाला. फितीतलं शेत आपल्याच गावचं असेल असं नाही, पण कोकणातली लावणी सगळीकडे ओळखीची.

पुढच्या बैठकीत एखाद्या आजींना शेजारी बसवून फीत लावा. थांबवत थांबवत दाखवा. भाताच्या वाणाचं, अवजाराचं, बांधाचं नाव त्या सांगतील. गटाच्या वहीत ते लिहून ठेवा, आजींच्या नावासकट.