पट, पद आणि विषय

महाराष्ट्राच्या सरकारी शाळांत शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत, याचे तक्ते शिक्षणखाते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे. परंतु कोणत्या शाळेत कोणता विषय शिकविणारा मनुष्यच नाही, हा प्रश्न त्या खात्याच्या दफ्तरात फार विलंबाने शिरला.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत, 1824 च्या सुमारास, मुंबईतील शालापुस्तक मंडळीच्या समितीने एतद्देशीय शिक्षणातील चार उणिवा सांगितल्या होत्या: पुस्तकांची, अध्यापनपद्धतीची, लायक शिक्षकांची आणि द्रव्याची. त्या काळी पंतोजीच्या शाळेत बाळबोध, मोडी, पाढे आणि हिशेब हे सर्व एकच गृहस्थ शिकवीत असल्यामुळे विषयवार उणिवेची कल्पना संभवतच नव्हती. ती संभवली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या गणिताचे ग्रंथ मराठीत सिद्ध केले तेव्हा. कारण पावकी-निमकी मुखोद्गत असलेल्या पंतोजीस त्या ग्रंथांतील उपपत्ती समजावून देता येईलच असे नव्हते, आणि म्हणून तरुणांस मुंबईत शिकवून तयार करून जिल्ह्यांत पाठविणे मंडळीस भाग पडले. पुस्तक आधी आले आणि शिक्षक मागाहून शोधावा लागला. हाच क्रम पुढे पुनःपुन्हा घडला आहे.

1855 मध्ये सरकारी विद्याखाते स्थापन झाले, पुढे पुण्यास ट्रेनिंग कॉलेज निघाले, कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने त्याची धुरा वाहिली. तथापि या सर्व व्यवस्थेतील मर्मावर बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबरच शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, आणि प्रसंगी नांगराची मूठ धरण्याची लाज न वाटणारे, शेतकरी वर्गातून आलेले शिक्षक नेमावेत, असे त्यांनी मांडले. शिक्षकांची उणीव ही केवळ संख्येची नसून ज्ञानाची आणि जवळिकीची आहे, हे इतक्या स्वच्छपणे त्या काळी क्वचितच कोणी सांगितले असेल. माझ्या मते आपल्या शिक्षणेतिहासातील हा कागद प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचलाच पाहिजे.

त्यानंतरच्या काळात तपासनीस येत, हजेरीपट पाहत, आणि पटावरून पदे ठरत. 1972 पासून दहा वर्षांचा शालेय आकृतिबंध लागू होऊन 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, 2000 साली इंग्रजी पहिलीपासून आली. आणि स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या अनेक गुरुजींवर ती सहा वर्षांच्या मुलांना शिकविण्याचा भार पडला. येथेही पुस्तक आधी, शिक्षक मागाहून.

विषयाचा स्पष्ट उच्चार 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात झाला: सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असावा. मात्र अंमलबजावणी जुन्याच वाटेने चालली. संचमान्यतेत पट पाहून पदे मंजूर होतात. एका शाळेतील अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे दुसऱ्या शाळेतील रिक्त पदावर समायोजन होते. आणि विज्ञानाच्या रिकाम्या जागी भाषेचा पदवीधर रुजू झाला, तरी निव्वळ पदे मोजणाऱ्या तक्त्यात जागा भरलेलीच दिसते. डोंगरातल्या शाळेत सातवीच्या मुलांपुढे अपूर्णांक नाइलाजाने शिकविणारे गुरुजी उभे असतात. त्यांचा दोष नाही, पण त्या मुलांचे नुकसान कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही. वास्तविक ही उणीव हुडकण्यास मोठे सर्वेक्षण नको: वर्गाचे वेळापत्रक आणि तास घेणाऱ्याने पदवीस घेतलेला विषय ही दोन्ही माहिती मुख्याध्यापकाच्या कपाटातच असते, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणता तास कोणाविना चालला आहे हे अर्ध्या तासात उमगते.