कुत्रं-मांजर आजारी पडलं : आधी औषध की आधी तपासणी?

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक आजही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात. तिथे माफक खर्चात कुत्र्या-मांजरांनाही औषध मिळतं. पण रक्ततपासणीचं मशीन, एक्स-रे, सोनोग्राफी तालुक्याच्या गावी असतेच असं नाही. मग खानापूरकर बेळगाव गाठतात, निपाणीकर कोल्हापूर. गाडीभाडं धरलं की तपासणी औषधापेक्षा महाग पडते. म्हणून ‘एक इंजेक्शन द्या, बघू’ असा आग्रह अनेकदा मालकच धरतो. तो कधी चालतो आणि कधी जिवावर बेतू शकतो, हे माहीत असलेलं बरं.

तपासणीशिवाय भागतं तेव्हा

लसीकरण, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, किरकोळ जखम यासाठी जवळचा स्वस्त दवाखाना पुरेसा आहे. मोठ्या कुत्र्याला एखादी उलटी झाली, पण ते पाणी पितंय, खेळतंय, तर डॉक्टरांनी हाताने तपासणं बहुधा पुरतं. लस न झालेल्या पिल्लाला मात्र ही सूट नाही. उलट्या आणि रक्ताची हगवण असेल तर पार्व्होचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पार्व्होची तपासणी विष्ठेवरून किटने काही मिनिटांत होते.

अंदाजाने औषध नको तेव्हा

• गोचीड ताप : नाव एक, पण आजार वेगवेगळे. एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्हींत ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या फिकट पडतात. औषधं मात्र निराळी. नुसतं स्टेरॉइड दिलं तर कुत्रं दोन दिवस जेवतं आणि आजार आत वाढत राहतो.

• गर्भाशयात पू : नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली, तर सोनोग्राफी टाळू नये. यावर बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

• बोक्याची लघवी अडणं : वारंवार बसतो, पण थेंब येत नाही. ही तातडीची वेळ आहे, उद्यावर टाकू नये.

• लेप्टो : पावसाळ्यात ताप आणि कावीळ दिसली तर तपासणी हवीच. हा आजार लघवीतून माणसालाही होतो.

आधी स्वस्तातली तपासणी

थर्मामीटर, वजन, हिरड्यांचा रंग यांना खर्च जवळजवळ नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप ठरवू नये. त्यानंतर रक्ताची मोजणी आणि काचेवरचा रक्तनमुना. काचेवर जंतू दिसले नाहीत म्हणजे आजार नाही, असं मात्र नाही. उलट, प्रतिपिंड शोधणारं महागडं किट आजार बरा झाल्यावरही काही महिने पॉझिटिव्ह दाखवू शकतं. माणसांच्या लॅबमध्ये नमुना दिला असेल, तर मशीन प्राण्यांच्या पेशींसाठी लावलेलं आहे का, हे विचारावं.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : संशय कशाचा आहे? तपासणीने औषध बदलेल का? एक दिवस थांबलो तर धोका काय? औषध बदलणार नसेल, तर तपासणी थांबू शकते.

घरात हे नको

माणसाची तापाची गोळी देऊ नये. मांजराला पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. रेबीजसाठी जिवंत कुत्र्यात खात्रीची तपासणी नाही, लस हाच उपाय. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी.

सीमेपलीकडे जाताना

लसीचं कार्ड, जुने रिपोर्ट, दिलेल्या औषधांची नावं सोबत ठेवावीत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः गुरांसाठी आहे. गुंतागुंतीच्या आजारात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना हा मार्ग आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळला असं महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून कोणत्या तपासण्या होतात ते विचारावं आणि स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी.