मटकीचा मोड आणि साबणाचे जंतू

माण तालुक्यात पावसाचा भरवसा नाही, मटकीचा आहे. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी फडक्यात बांधून टांगली, की दुसऱ्या दिवशी कापडाच्या विणीतून पांढरी शेपटं डोकावू लागतात. दहिवडीच्या एका घरी अशाच फडक्याकडं बघत सेमी-इंग्रजीतल्या एका पोरानं मला विचारलं, "मामा, मोड येण्याला पुस्तकात जर्मिनेशन म्हणतात. मग मटकीत जर्म्स असतात का? आई साबणानं मारते ते?"

त्याची आई हसली. मला हसू आलं नाही, कारण पोरानं बोट नेमक्या जागी ठेवलं होतं.

लॅटिनमध्ये 'जर्मेन' म्हणजे मोड, कोंब. इंग्रजीतला 'जर्म' मुळात हाच. गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी जो इवलासा अंकुर झोपलेला असतो, त्याला इंग्रजीत आजही 'व्हीट जर्म' म्हणतात आणि शहरातले लोक तो पैसे मोजून खातात. मग कोंबाचा रोग कसा झाला? उपमेनं. रोगालाही बी असतं, ते एकाकडून दुसऱ्याकडं जातं आणि अंगात रुजतं, ही कल्पना जुनी आहे. इटलीतला वैद्य फ्राकास्तोरो 1546 सालच्या ग्रंथात संसर्गाच्या 'बियां'बद्दल लिहितो. ते बी त्यानं पाहिलेलं नव्हतं. पुढं 1676 मध्ये डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक यानं भिंगाखाली पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले, पण रोगाशी त्यांचा संबंध जोडला नाही. कल्पना एकाकडं, डोळे दुसऱ्याकडं! दोन्हींची गाठ पडायला एकोणिसावं शतक उजाडलं. पाश्चर आणि कॉख या शास्त्रज्ञांनी ती घातली, आणि 'जर्म' म्हटलं की रोगच आठवू लागला.

आपल्या 'जंतू'चं कुळ तर याहून मजेदार. संस्कृत 'जन्', म्हणजे जन्मणं, यापासून जंतू, जन्मतो तो. गीतेच्या पाचव्या अध्यायात हा शब्द अज्ञानात गुरफटलेल्या जीवांसाठी आला आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. मराठीत त्याची पोटातल्या जंतांपर्यंत घसरण झाली आणि छापील आरोग्यपाठांत तो रोगाचा मुकादम झाला. पण बहुतेक व्युत्पत्तिकार लॅटिन 'जर्मेन'चं मूळही याच जन्मणाऱ्या धातूत शोधतात. म्हणजे जर्म आणि जंतू हे भाषांतरानं जोडलेले अनोळखी शब्द नव्हेत, लांबचे चुलतभाऊ आहेत. 'जनुक' हे त्यांचंच धाकटं भावंड.

आता अडचण अशी, की 'जंतू' या एका शब्दाच्या गोठ्यात आपण भलतीच जनावरं एकत्र बांधलीत. ती वेगळी कशी झाली, हे माणच्या पोराला सांगायला भिंग लागत नाही. मेंढरं पुरेत.

एक रोग फाशी. संध्याकाळी चरून आलेलं मेंढरू पहाटे मेलेलं आढळतं, नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त. माणसाला होतो तेव्हा याचंच नाव काळपुळी. 1876 मध्ये कॉखनं दाखवलं, की यामागं काडीसारखा जीव आहे. तो प्रतिकूल काळात टणक कवच धरून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. हा जीवाणू. इंग्रजीतलं 'बॅक्टेरिया' हे नावही ग्रीकमधल्या छोट्या काठीवरूनच पडलं.

दुसरा रोग लाळ्या-खुरकूत. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात फोड, जनावर लंगडतं. कॉखचाच शिष्य लोफ्लर आणि त्याचा सहकारी फ्रॉश यांनी 1898 मध्ये या फोडातली लस घेतली. इथं लस म्हणजे जखमेतून पाझरतं ते पाणी. टोचायच्या औषधाला हे नाव त्यावरूनच मिळालं. ती त्यांनी अशा गाळणीतून गाळली, की जीवाणू वरच अडकावा. आपल्याकडं औषधी चूर्ण वस्त्रगाळ करतात, तसाच हा प्रकार, फक्त छिद्रं कितीतरी बारीक. खाली आलेलं स्वच्छ पाणी वासरांना टोचलं, तरी वासरं आजारी पडली. जीवाणूहून लहान असं काहीतरी गाळणीतून उतरलं होतं. जनावराच्या रोगामागचा हा पहिला ओळखलेला विषाणू. 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, आणि आपल्या 'विष' शब्दाशी त्याचं नातं खरोखर रक्ताचं. 'विषाणू' हा शब्द ज्यानं घडवला, त्याला मी शंभरपैकी शंभर देईन.

हा फरक कीस पाडण्यासाठी नाही. अँटिबायोटिक फाशीच्या जीवाणूवर चालतं, खुरकुताच्या विषाणूवर चालत नाही. पोटातला जंत या दोघांहून वेगळा. तो डोळ्यांना दिसतो. आणि विरजणातले जीवाणू मारत बसलो, तर दहीच लागायचं नाही.

कोंबाचा जुना अर्थही मेलेला नाही. शुक्राणू आणि अंडं ज्यांपासून होतात, त्या पेशींना जीवशास्त्रात 'जर्म सेल', म्हणजे जननपेशी, म्हणतात. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावानं ओळखली जाणारी, पोपटासारख्या बाकदार नाकाची मेंढी जपायची, म्हणजे तिचं 'जर्मप्लाझम', जननद्रव्य जपायचं. इथं जर्म मारायचा नसतो, राखायचा असतो.

म्हणून त्या पोराला मी सांगितलं, "हो, मटकीत जर्म असतो. तोच तर आपण खातो."

गुरुजींना एक विनंती. जंतूंचा धडा घ्याल त्या दिवशी साबणाचं चित्र राहू द्या. मोड आलेली मटकी आणा, विरजणाचं भांडं आणा आणि एखाद्या मेंढक्याला वर्गात बोलवा. त्याला दिवाळीच्या आत गाठा मात्र. नंतर तो मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलेला असतो.