‘क्लोजर’ : मुखपृष्ठावरचे थडगे आणि दोन तारखा

#थ्रेड #इतिहास

१८ जुलै १९८०. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा दुसरा अल्बम ‘क्लोजर’ इंग्लंडमध्ये विक्रीस आला. पांढऱ्या वेष्टनावर एका थडग्याचे कृष्णधवल छायाचित्र होते : आडवा पडलेला मृतदेह आणि त्याच्याभोवती शोकाने कोसळलेल्या आकृती. बरोबर दोन महिन्यांपूर्वी, १८ मे रोजी, बँडचा गायक इयन कर्टिस याने वयाच्या २३व्या वर्षी आत्महत्या केली होती. त्या उन्हाळ्यात ही रेकॉर्ड हाती घेणाऱ्याला ते चित्र म्हणजे श्रद्धांजली वाटणे स्वाभाविक होते. मृत्यूचे भांडवल केल्याचा संशय येणेही तितकेच स्वाभाविक होते.

दोन्ही समज चुकीचे आहेत. मुखपृष्ठ आधी ठरले, मृत्यू नंतर आला.

अल्बमचे ध्वनिमुद्रण मार्च १९८०मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत झाले. निर्माता होता मार्टिन हॅनेट. मुखपृष्ठाचे काम पीटर सॅव्हिल आणि मार्टिन अ‍ॅटकिन्स यांच्याकडे होते. सॅव्हिलने बँडसमोर फ्रेंच छायाचित्रकार बर्नार्ड पिएर वोल्फ याची काही छायाचित्रे ठेवली आणि त्यांतून हे निवडले गेले. तेव्हा कर्टिस हयात होता. पुढे त्याच्या निधनाची बातमी आली, तेव्हा आपल्या मुखपृष्ठावर थडगे आहे या जाणिवेने खुद्द सॅव्हिलच हादरला.

हे थडगे इटलीतील जेनोआ शहराच्या स्टालिएनो दफनभूमीतले आहे, आणि या दफनभूमीची कथा अल्बमइतकीच ऐकण्याजोगी आहे. १८०४मध्ये नेपोलियनच्या राजवटीने चर्चमध्ये आणि नगराच्या हद्दीत दफन करण्यास मनाई केली. मृतांना गावाबाहेर जागा शोधावी लागली. जेनोआत वास्तुविशारद कार्लो बाराबिनो याने आराखडा केला. १८३५च्या कॉलऱ्यात तो दगावला, काम त्याचा शिष्य रेझास्को याने पुढे नेले आणि १८५१मध्ये स्टालिएनो खुली झाली. बंदराच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्यांनी तिथे शिल्पांची जणू स्पर्धाच मांडली. देवदूतांच्या शेजारी रोजच्या पोशाखातल्या विधवा, मुले, नातलग उभे राहिले. संगमरवरात लेस आणि गुंड्यासुद्धा कोरल्या गेल्या. मान केवळ श्रीमंतांचाच होता असेही नाही. जत्रांत हेझलनटच्या माळा विकणाऱ्या कातेरिना काम्पोदोनिको या बाईने आयुष्यभराची पुंजी खर्चून १८८१मध्ये स्वतःचा पुतळा घडवून घेतला, तोही हयातीत, हातात माळा घेऊन! मुखपृष्ठावरचे आप्पियानी घराण्याचे थडगे त्यानंतरचे, साधारण १९१०चे; शिल्पकार देमेत्रिओ पाएर्नियो.

म्हणजे ज्या अल्बमला ‘गॉथिक रॉक’च्या मूळ ग्रंथांत गणले जाते, त्याच्यावरचे शिल्प वास्तुशास्त्राच्या अर्थाने मुळीच गॉथिक नाही. मात्र हा शब्दच असा भटका आहे. रोमन साम्राज्यावर चालून गेलेल्या गॉथ टोळ्यांचे नाव. प्रबोधनकाळातील इटालियनांनी मध्ययुगीन वास्तूंना हिणवण्यासाठी ते वापरले. होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ (१७६४) या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे छापले आणि शब्दाला भयाची छटा आली. एकोणिसाव्या शतकात तोच शब्द पुन्हा प्रतिष्ठित झाला. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्याच व्हिक्टोरियन गॉथिकचे अपत्य. १९७९च्या सुमारास तो संगीतात शिरला, आणि जॉय डिव्हिजनला तो लावणाऱ्यांत हॅनेट स्वतः होता.

मुखपृष्ठाचे जे झाले तेच गाण्यांचेही झाले. १९८०नंतर ‘क्लोजर’ हे जणू निरोपाचे पत्र म्हणून वाचले गेले. गाण्यांत वेदना नाही असे नव्हे. कर्टिसचा अपस्माराचा आजार बळावत होता आणि संसार मोडत होता. परंतु पहिल्याच गाण्याचे शीर्षक जे. जी. बॅलार्डच्या १९७०च्या पुस्तकावरून घेतलेले आहे. तो वाचणारा, रचणारा कवी होता. शेवट ठाऊक असल्यामुळे आधीचे प्रत्येक वाक्य त्याच दिशेने धावताना दिसते, आणि लिहिणाऱ्याची कारागिरी मात्र दिसेनाशी होते.

विनाइलवर ही कारागिरी अधिक स्पष्ट कळते. पहिल्या बाजूला पाच गाणी, खडबडीत आणि अस्वस्थ. मग उठून रेकॉर्ड उलटावी लागते. दुसऱ्या बाजूची चार गाणी शेवटाकडे संथ होत जातात. अखेरची दोन तर अंत्ययात्रेच्या चालीने सरकतात. सीडीवर ही फट बुजली आणि नऊ गाण्यांची एकच सरळ ओळ झाली.

प्रकाशक ‘फॅक्टरी रेकॉर्ड्‌स’चा व्यवहारही न्यारा होता. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा आणि गाण्यांची मालकी कलावंतांची. नोव्हेंबर १९९२मध्ये फॅक्टरीचे दिवाळे वाजले, तेव्हा विकायला तिच्याकडे या ध्वनिमुद्रणांची मालकीच नव्हती.

चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १७ जुलै २०२० रोजी, ‘क्लोजर’ पारदर्शक विनाइलवर पुन्हा निघाला. सोबत तीन सिंगल्सही आल्या. त्यांतील ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’च्या १२ इंची आवृत्तीवर शोकमग्न देवदूत आहे. तोही स्टालिएनोचाच, वोल्फनेच टिपलेला.