सकाळी साडेसहाचा रेडिओ

"दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?" गटाच्या बैठकीत हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणारी बहुतेक साठीच्या पुढची असते. तिला उत्तर देण्याआधी एक जुनी हकिकत सांगतो. रेडिओचीच आहे, म्हणून आम्हाला जरा जवळची.

१ नोव्हेंबर १९२८ ला जपानमध्ये रेडिओवरून कसरत सुरू झाली. पियानोच्या तालावर एकजण सांगायचा आणि ऐकणारे हातपाय हलवायचे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची. जपानात पोस्टखातं विमा उतरवायचं, तिथल्या अधिकाऱ्यांनी ती उचलली. माणूस जास्त जगला तर हप्ते जास्त दिवस येतात, हा हिशोब त्यात होताच. बचत गटातल्या बायांना तो समजावून सांगायला नको!

तेव्हा घरोघरी रेडिओ कुठले? पोस्टाची माणसं कसरत शिकवत फिरली, लोक मोकळ्या जागी एकत्र जमू लागले. पुढे युद्ध आलं आणि लोकांना शिस्तीत उभं करायला हीच कसरत वापरली गेली. तेही सांगायला हवं. युद्ध हरल्यावर ती काही वर्षं बंद पडली. १९५१ मध्ये नव्या रूपात परतली, ती आजवर चालू आहे.

आज तिथल्या बागांमध्ये सकाळी साडेसहाला जमतात ती बहुतेक म्हातारी माणसं. एक कसरत जेमतेम तीन मिनिटांची. पैसे लागत नाहीत, वेगळे कपडे लागत नाहीत. उभं राहवत नसेल तर बसून करायची. पण नुसत्या तीन मिनिटांसाठी रोज पहाटे कोण उठेल? तिथं ओळखीची माणसं भेटतात, चार शब्द बोलणं होतं. सुट्टीत नातवंडंही येतात, त्यांना हजेरीच्या कार्डावर शिक्का मिळतो.

आता आपल्या प्रश्नाकडे. खुरपताना कंबर तासन्‌तास वाकलेलीच राहते. हात डोक्यावर कधी जातात, पाठ मागे कधी जाते? मंगळागौरीला फुगडी घालायचो तेव्हा सगळं अंग हलायचं, आणि कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं. सून आल्यावर ते आपणच सोडलं. लोक हसतील म्हणून.

येत्या बैठकीत पहिली पाच मिनिटं उभ्या राहून बघू. गुडघे धरलेले असतील तिने खुर्ची घ्यावी. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवून यावं.