मराठी किशोर विज्ञानकथा : महाराष्ट्राबाहेरही रुजलेली परंपरा

विज्ञानातील ज्ञात तत्त्व किंवा संभाव्य शोध गृहीत धरून, त्याचे मानवी जीवनावर होणारे परिणाम तर्कसंगतपणे मांडणारी कथा म्हणजे विज्ञानकथा. मराठीतील या साहित्यप्रकाराच्या जडणघडणीत महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

कोचीन येथे 1886 मध्ये सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून 1900 पासून ‘चंद्रलोकची सफर’ ही ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीवर आधारित लेखमाला प्रसिद्ध झाली. मराठी विज्ञानकथेचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानला जातो.

‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत (1910-2001) यांचा जन्म इंदूरचा. 1951 मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू करणाऱ्या भागवतांनी व्हर्न यांच्या कादंबऱ्या किशोरांना रुचेल अशा मराठीत आणल्या.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (1938-2025) कोल्हापूरला जन्मले, मात्र त्यांचे बालपण आणि पदवीपर्यंतचे शिक्षण वाराणसीत झाले. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 मधील स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या या नावालाच प्रथम पारितोषिक मिळाले. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘वामन परत न आला’ ही कादंबरी पुढे किशोरवाचकांतही लोकप्रिय झाली. या कादंबरीतील वामन हा यंत्रमानव आहे. स्वतःसारखी यंत्रे निर्माण करू शकणाऱ्या यंत्रावर माणसाचे नियंत्रण राहील काय, हा तिच्यातील प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात अधिकच निकडीचा ठरला आहे. विज्ञानप्रसारासाठी नारळीकर यांना 1996 मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला.

छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली आणि देशभरातील कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. वैशाली नगरसारख्या वस्त्यांतील मराठी मुलांचे शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजीतून होते. विज्ञान एका भाषेत आणि घरातील संवाद दुसऱ्या भाषेत, अशा स्थितीत ‘गुरुत्वाकर्षण’, ‘कृष्णविवर’, ‘यंत्रमानव’ या शब्दांची सहज ओळख विज्ञानकथाच करून देऊ शकते. मुलांच्या हाती मराठी पुस्तक पडले नाही, तर मातृभाषा केवळ घरगुती बोलण्यापुरती उरण्याचा धोका असतो.

बालभारतीच्या वतीने नोव्हेंबर 1971 पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी पालकांसाठी ही सुविधा विशेष उपयुक्त आहे.