रेडिओला उलट उत्तर देणारे शेतकरी

१९४१च्या हिवाळ्यापासून कॅनडातल्या हजारो शेतकऱ्यांची सोमवारची रात्र ठरलेली असायची. शेजारपाजारची काही कुटुंबं एखाद्याच्या घरी जमत. अर्धा तास रेडिओ ऐकायचा, मग तो बंद करून चर्चा करायची. विषय शेतमालाचे भाव, सहकार, खेड्यातली शाळा, दवाखाना असे असत. या उपक्रमाचं नाव ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’, आणि ब्रीद ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’.

उपक्रम चालवणाऱ्या संस्था तीन होत्या. सीबीसी हे सार्वजनिक रेडिओ केंद्र, प्रौढशिक्षणाची राष्ट्रीय संघटना आणि शेतकऱ्यांचा महासंघ. म्हणजे विषय ठरवताना शेतकऱ्यांची स्वतःची संघटना टेबलावर बसलेली असे.

त्या आठवड्याच्या विषयाची छापील पुस्तिका आधीच टपालाने येई. चर्चेसाठी प्रश्न दिलेले असत. गटाचा सचिव उत्तरं लिहून प्रांताच्या कार्यालयाला पाठवी. तिथे ती वाचून त्यांचा सारांश काढत, आणि पुढच्या कार्यक्रमाच्या शेवटी पाच मिनिटं प्रांतातल्या गटांचं म्हणणं रेडिओवरून सांगत. आपण बोललो ते कुणीतरी वाचलं, हे गटाला आठवडाभरात कळायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले मेसेज पोचल्याची पोच आल्याशिवाय तो पोचला असं धरत नाही. इथे तीच पोच टपाल आणि रेडिओ मिळून देत होते.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी असे सुमारे १६०० गट होते. पुढे टीव्ही आला, गट कमी होत गेले आणि १९६५मध्ये उपक्रम थांबला. पण त्याआधी ही कल्पना थेट पुण्यात येऊन पोचली होती.

१९५६मध्ये युनेस्को आणि आकाशवाणीने पुणे केंद्रावरून हाच प्रयोग मराठीत केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. आठवड्यातून दोन असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे विषय होते. मंडळांचे प्रश्न आणि अहवाल पुण्याला येत आणि त्यांची दखल पुढच्या कार्यक्रमांत घेतली जाई.

प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केलं. मूळचे व्हिएन्नाचे हे समाजशास्त्रज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले होते. त्यांनी मंडळं असलेल्या गावांची तुलना मंडळं नसलेल्या गावांशी केली. त्यातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. मंडळांच्या गावांत माहिती झपाट्याने वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. तोच आवाज, तेच कार्यक्रम. फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा. शिवाय ही मंडळं गावातले निर्णय लवकर घ्यायला मदत करू लागली होती, असंही दिसलं.

निष्कर्ष इतका चांगला होता, की १९५९पासून योजना देशभर नेली गेली. काही वर्षांत मंडळांची संख्या हजारोंवर गेली. पण पुण्यात मंडळांकडे लक्ष देणारे संघटक होते, तसं मनुष्यबळ देशभर पुरवलं गेलं नाही. कित्येक मंडळं कागदावरच उरली. रेडिओ संच बंद पडले की तसेच पडून राहत. गावातून आलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याची साखळी सगळ्यात आधी ढिली झाली. १९६६पासून आकाशवाणीवर शेतीविषयक स्वतंत्र विभाग सुरू झाले. हरितक्रांतीच्या त्या काळात नवं बियाणं, खत, फवारणी यांचा सल्ला शेतकऱ्याला रेडिओवरून मिळू लागला, आणि त्याचा उपयोगही झाला. पण सल्ला वरून खाली येतो. ‘हे धोरण आम्हाला परवडत नाही’ हे खालून वर जाण्याची वाट त्यात नव्हती.

आणखी एक फरक पहिल्यापासूनच होता. कॅनडात शेतकरी महासंघ या उपक्रमाचा भागीदार होता. आपल्याकडे रेडिओही सरकारचा आणि योजनाही सरकारची. त्यामुळे भाताचं पीक कसं वाढवावं हा प्रश्न सहज विचारता येई; भाताचा भाव कुणी ठरवावा हा तितका सहज नाही.

आज शेतकऱ्याच्या खिशात फोन आहे. हवामानाचा, बाजारभावाचा, फवारणीचा मेसेज रोज येतो. १९५६मध्ये गावाला एका संचाभोवती जमावं लागे, ती अडचण संपली. पण अशी कुठलीही नवी योजना जाहीर झाली, की तिला पुण्याच्या प्रयोगाचे जुने प्रश्न विचारून पाहावेत. शेतकऱ्यांनी एकत्र बसून बोलायची जागा यात कुठे आहे? त्यांचं उत्तर कोण वाचणार? आणि वाचलं, हे त्यांना कोणत्या दिवशी कळणार?